अडचण कशी सांगावी?



आजच्या विषयाचे नाव वाचून तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. अडचण सोडवायला शिकावे हे ठीक. पण ती सांगायला काय शिकायचे? तोंड असले म्हणजे झाले, असेच कोणालाही वाटेल. आमचे म्हणणे मात्र असे आहे, की यंत्रांच्या बाबतीत निम्म्याहून अधिक वेळ जातो तो दुरुस्तीत नव्हे, तर नेमके बिघडले काय हे एका माणसाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात पोचवण्यात. हा वेळ फुकट जातो एवढेच नाही. कधी कधी त्यात मोटार जळते, उभे पीक हातचे जाते आणि अलीकडे तर बँकेतली पुंजीही जाते.

पूर्वी हा प्रश्न एवढा बिकट नव्हता. घरातले शिवणयंत्र अडले, की ते टांग्यात घालून कारागिराकडे न्यावे. कारागीर झाकण उघडी, चाक हाताने फिरवून पाही, कान लावून ऐके आणि मान हलवी. मालक काय बोलतो याकडे त्याचे लक्ष नसले तरी काही बिघडत नसे, कारण यंत्र स्वतःच त्याच्याशी बोलत असे. आज वस्तू आपल्यासमोर असते आणि जाणकार असतो शेकडो कोस दूर. मोबाइल अडला, इंटरनेट बंद पडले, पिकावर रोग आला, निवृत्तिवेतनासाठी द्यायचा हयातीचा दाखला संगणक घेईना, की आपण दूरध्वनी उचलतो किंवा चार ओळी लिहून पाठवतो. पलीकडच्या माणसाला डोळे नाहीत, हात नाहीत, कान आहेत तेही आपल्या शब्दांपुरतेच. आपण जेवढे सांगू तेवढेच त्याला दिसणार. म्हणजे पूर्वी जे काम कारागिराची बोटे करीत, ते आता आपल्या भाषेने करायचे आहे.

आणि आपली भाषा त्या वेळी काय करते? ती दोन शब्द उच्चारते : “चालत नाही.”

या दोन शब्दांचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. विहिरीवरचा तीन फेजचा विजेचा पंप घ्या. “पंप चालत नाही” याचे किती अर्थ होतात पाहा. बटण दाबले आणि काहीच झाले नाही, आवाज नाही, हालचाल नाही, तर वीजच पोचलेली नाही. फ्यूज, स्टार्टर किंवा खांबावरची तार पाहावी लागेल. बटण दाबल्यावर मोटार नुसती घूं घूं करते पण फिरत नाही, तर तीनांपैकी एक फेज गेला असण्याचा दाट संभव. अशा वेळी बटण दाबून ठेवले तर मोटार भलताच प्रवाह खेचते आणि थोड्याच वेळात आतली वाइंडिंग जळते. मोटार झकास फिरते पण पाणी उचलत नाही, तर फुटव्हॉल गळत असेल किंवा पाइपात हवा शिरली असेल. मोटार फिरते, पाणीही येते, पण करंगळीएवढे, आणि कालच खांबावर कोणी तारांचे काम करून गेले आहे, तर दोन फेज अदलाबदल होऊन मोटार उलटी फिरत असण्याची शक्यता प्रथम तपासावी. हे चार निराळे रोग झाले. चौघांनाही मालकाने नाव दिले एकच. यातल्या दुसऱ्या प्रकारात तर ‘घूं घूं करते’ हे एवढेसे वाक्य दूरध्वनीवर वेळीच उच्चारले गेले असते, तर पलीकडच्याने “आधी बंद करा!” असे ओरडून सांगितले असते आणि रिवाइंडिंगचा खर्च वाचला असता.

जाणकार माणूस दोष कसा शोधतो हे एकदा लक्षात आले, म्हणजे त्याला काय सांगावे हे आपोआप कळते. त्याच्यापाशी जादू नसते. विजेपासून पाण्याच्या धारेपर्यंत एक साखळी आहे आणि तिची एक कडी तुटली आहे, एवढेच तो धरून चालतो. तो साखळीच्या मध्यावर बोट ठेवतो आणि विचारतो : इथपर्यंत सारे ठीक आहे काय? ‘होय’ म्हटले, की मागचा अर्धा भाग निर्दोष ठरला. ‘नाही’ म्हटले, की पुढच्या भागाचा विचार तूर्त बाजूला. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. साखळीत सोळा कड्या असल्या तरी चार प्रश्नांत, घोडे कुठे पेंड खाते ते सापडते. मालकाचे प्रत्येक खरे निरीक्षण म्हणजे असा एक प्रश्न आयताच सुटलेला. “मोटार फिरते” या दोन शब्दांनी वीज, फ्यूज, स्टार्टर आणि वाइंडिंग एका फटक्यात संशयातून मुक्त होतात. उलट “फार त्रास होतोय हो, दोन दिवस झाले, काहीतरी करा” या वाक्याने एकही कडी सुटत नाही. फक्त ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होतो.

शेतीचे उदाहरण याहून बोलके आहे. केंद्र सरकारने २००४ च्या जानेवारीत ‘किसान कॉल सेंटर’ सुरू केले. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर दूरध्वनी करावा, मराठीत विचारावे, पैसे पडत नाहीत. सोय उत्तम आहे. आता कल्पना करा, की एखादा शेतकरी विचारतो, “ऊस पिवळा पडलाय, काय टाकू?” या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नाही. पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांपासून सुरू झाला की शेंड्याच्या कोवळ्या पानांपासून, यावर सारे अवलंबून आहे. नत्र हे द्रव्य झाडाच्या अंगात फिरते राहते. त्याचा तुटवडा पडला, की झाड म्हाताऱ्या पानांतले नत्र काढून कोवळ्यांना पुरवते, म्हणून खालची पाने आधी पिवळी होतात. लोहाचे तसे नाही. ते एकदा पानात बसले, की सहसा हलत नाही. म्हणून तुटवडा प्रथम दिसतो तो नव्या पानांवर, आणि तोही शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो अशा रीतीने. चुनखडीच्या जमिनीत उसावर असा ‘केवडा’ पडतो हे आपल्याकडच्या बागायतदारांना ठाऊक आहे. पहिल्या रोगाला युरिया चालेल. दुसऱ्याला हिराकसाची फवारणी हवी, तिथे युरियाची पोती ओतली तरी केवडा हटायचा नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. आणि हा सारा घोटाळा टाळायला शेतकऱ्याने रसायनशास्त्र शिकण्याचे कारण नाही. “कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या, जमीन चुनखडीची” एवढे त्याने सांगितले, की तज्ज्ञाचे काम अर्धे झाले.

यातून एक महत्त्वाचा भेद पुढे येतो आणि त्यावर आम्ही थोडे रेंगाळणार आहोत. दिसलेले वेगळे आणि त्यावरून आपण काढलेले अनुमान वेगळे. आपण मंडळी अनुमानाची फार हौशी. वैद्याकडे जाऊन “पोटात उजव्या बाजूला सकाळपासून दुखते” असे न सांगता “मला पित्त झाले आहे” असे सांगतो. संगणकाबद्दल बोलताना “व्हायरस शिरला” हे आपले आवडते वाक्य. ऐकणारा भिडस्त असला, की तो आपल्या व्हायरसच्या मागे लागतो, आणि खरा दोष, म्हणजे भरून गेलेली साठवणूक किंवा सैल झालेली वायर, तशीच राहते. अनुमान सांगू नये असे नाही. कधी ते बरोबरही निघते. पण आधी दिसलेले सांगावे, मग “आम्हांला आपले असे वाटते” म्हणून अनुमान निराळे ठेवावे. ताटात कोशिंबीर आणि खीर एकत्र कालवून वाढीत नाहीत.

या शिस्तीचा एक मोठा दाखला आहे. १३ एप्रिल १९७० च्या रात्री अपोलो १३ हे यान चंद्राच्या वाटेवर पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरांहून दूर होते. आत तीन माणसे. मोठा धमाका झाला. जॅक स्विगर्ट याने ह्यूस्टनच्या केंद्राला आपल्यापुढे अडचण आल्याचे कळवले. केंद्राने पुन्हा सांगण्यास सांगितले. तेव्हा यानप्रमुख जेम्स लॉव्हेल याने तेच वाक्य उच्चारून लगेच जोड दिली, की यानातील मुख्य ‘बी’ विद्युत्‌वाहिनीचा दाब उतरला आहे. जगाला अडचणीचे पहिले वाक्य तेवढे पाठ आहे. आमच्या मते मोल आहे ते दुसऱ्या वाक्याचे. जमिनीवरच्या तंत्रज्ञांना त्या घटकेला असे वाटत होते, की एकाच वेळी इतकी मापे बिघडतात त्या अर्थी मापकांतच काही दोष असावा. सुमारे चौदा मिनिटांनी लॉव्हेलने खिडकीतून पाहिले आणि कळवले, की यानातून काहीतरी बाहेर अवकाशात जात आहे, कसला तरी वायू दिसतो. ‘टाकी फुटली’ असे तो म्हणाला नाही. ती त्याला दिसलीच नव्हती. दिसले तेवढेच त्याने सांगितले, आणि त्या एका निरीक्षणाने मापके खरे बोलत आहेत हे सिद्ध झाले. प्राणवायूची दुसरी टाकी फुटली होती आणि पहिलीही रिकामी होत चालली होती.

पुढे श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड साठू लागला. तो शोषणारे चौकोनी डबे मुख्य यानात होते, पण ज्या चांद्रयानात तिघांनी आसरा घेतला होता त्याच्या खाचा गोल. खालच्या तंत्रज्ञांनी तोड काढली ती वर यानात असलेल्या वस्तूंतूनच : प्लास्टिकच्या पिशव्या, पुस्तिकांचे पुठ्ठे, चिकटपट्टी, पोशाखाच्या नळ्या. मग एकेक पायरी आवाजी सांगून ती वरच्यांकडून करवून घेतली. आपल्यापाशी काय आहे आणि काय नाही हे पलीकडच्याला माहीत असणे किती मोलाचे! मंडळी १७ एप्रिलला सुखरूप उतरली. आपल्या घरी पाना-पक्कड आहे की नाही, जवळ दुसरा कोणी मदतीला आहे की नाही, हेही आपण सांगत नाही. आणि “आता मागचे झाकण उघडा” म्हटल्यावर पेचकस शोधायला धावतो.

दिसलेले सांगावे हे म्हणणे सोपे. पण दिसलेले वेडगळ वाटले तर? अमेरिकेतल्या एका विद्यापीठात १९९० नंतरच्या दशकात घडलेली हकीकत संगणकवाल्यांत प्रसिद्ध आहे. संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांनी संगणकव्यवस्थापकाला कळवले, की आमच्या विभागातून पाचशे मैलांपलीकडे ई-मेल जात नाही. व्यवस्थापकाला हसू आले. ई-मेलला मैलांशी काय कर्तव्य? ते काय टपालवाल्याच्या पिशवीतून जाते? पण संख्याशास्त्रज्ञांनी नुसती तक्रार केली नव्हती. काही दिवस थांबून, निरनिराळ्या गावी पत्रे पाठवून, कोणती पोचली व कोणती नाही याची माहिती गोळा केली होती. व्यवस्थापकाने स्वतः करून पाहिले तो काय, खरेच तसे! शेवटी उलगडा झाला. कोणी बाहेरच्या तंत्रज्ञाने त्या यंत्राची प्रणाली बदलली होती. त्या गडबडीत पत्र पाठवणारा कार्यक्रम जुना बसला आणि नव्या सूचना त्याला वाचता येईनात. पलीकडच्या यंत्राच्या उत्तरासाठी किती वेळ थांबायचे, तो आकडा शून्य धरला गेला. प्रत्यक्षात ते यंत्र एक सहस्रांश सेकंदाच्या तिप्पट वेळ, म्हणजे तीन मिलिसेकंद थांबे. प्रकाश तेवढ्या वेळात सुमारे ९०० किलोमीटर जातो, म्हणजे साडेपाचशे मैलांच्या आसपास. चोखंदळ श्रोता म्हणेल, की जाणे आणि येणे दोन्ही धरले तर अंतर निम्मे व्हावे. हा आक्षेप पुढे घेतलाही गेला, आणि हकीकत सांगणाऱ्याने काही तपशील गोष्टीच्या सोयीसाठी सैल केल्याचे कबूल केले. ते असो. आम्हांला त्या विभागप्रमुखांचे कौतुक वाटते. स्वतःचे निरीक्षण हास्यास्पद दिसते म्हणून त्यांनी ते सभ्य करून सांगितले नाही. “ई-मेल कधी जाते, कधी जात नाही” असे ते म्हणाले असते, तर कोणी हसले नसते आणि दोषही सापडला नसता.

याच्या उलट एक खोड आहे. आपण मूळ अडचण सांगत नाही. तिच्यावर मनाने काढलेल्या तोडग्यातली अडचण सांगतो. दाराच्या बिजागरीचा स्क्रू सारखा निसटतो. गृहस्थ लोखंडी सामानाच्या दुकानात जाऊन म्हणतात, “याहून लांब स्क्रू द्या.” दुकानदार देतो. तो फळीच्या पलीकडून बाहेर येतो. मग गृहस्थ विचारतात, “स्क्रूचे टोक कापायचे कशाने?” आता ते कानस शोधत हिंडणार. “बिजागरीचा स्क्रू निसटतो” एवढे मूळ वाक्य पहिल्यांदा तोंडातून निघाले असते, तर कोणीही सुतार म्हणाला असता, की भोक मोठे झाले आहे, त्यात लाकडाची काडी ठोकून जुनाच स्क्रू बसवा. आम्ही तर म्हणतो, की प्रश्न विचारताना “मला शेवटी काय हवे आहे” हे वाक्य आधी घालावे, मग मधल्या पायरीचे बोलावे.

शब्दांच्या अचूकपणाबद्दल एक-दोन गोष्टी. यंत्राच्या पडद्यावर चूक दर्शवणारी चौकट येते, ती आपण माशी झटकावी तशी झटकून टाकतो आणि मग सांगतो, “काहीतरी इंग्रजीत आले होते.” त्या चौकटीत बहुधा निम्मे उत्तर असते. ती समजलीच पाहिजे असे नाही. अक्षरे व आकडे जसेच्या तसे उतरवून घ्यावेत, नाहीतर मोबाइलने छायाचित्र घ्यावे. आपल्या वस्तूंनी आपल्याशी परक्या भाषेत भांडावे ही गोष्ट आम्हांला बिलकूल पसंत नाही. पण ती सुधारेपर्यंत नक्कल करणे तरी आपल्या हाती आहे. ‘कधी कधी’, ‘सारखे’, ‘मध्येच’ हे शब्दही घातक. दिवसातून किती वेळा? पाऊस पडताना की एरवीही? शेजाऱ्याकडेही होते काय?

आणि सर्वांत दडवली जाणारी गोष्ट म्हणजे, बिघडण्याआधी काय केले. “काही केले नाही, आपोआप झाले” हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा दुरुस्ती करणारा महाराष्ट्रात नसेल. नातवाने खेळ घातलेला असतो, आपण स्वतः एखादे बटण दाबून पाहिलेले असते, पंपावर काल वायरमन येऊन गेलेला असतो. लाजेपायी हे सांगितले जात नाही, आणि तीच नेमकी किल्ली असते. काल चालत होते व आज नाही, तर कालच्या आणि आजच्यामध्ये काय बदलले, हा प्रश्न विचारून जगातले कितीतरी दोष सापडले आहेत.

लाजेचा विषय निघालाच आहे तर दुसऱ्या पक्षालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. लोक नीट विचारीत नाहीत याचे अर्धे पाप जाणकारांच्या माथी आहे. “एवढेही कळत नाही?” असे एकदा ऐकलेला माणूस पुढच्या खेपेस कमी बोलतो, दिसलेले सांगण्याऐवजी ऐकीव तांत्रिक शब्द फेकतो, म्हणजे आपण अगदीच अडाणी ठरू नये. ‘पटी’ (PuTTY) या उपयुक्त कार्यक्रमाचा कर्ता सायमन टॅथम या इंग्रज प्रोग्रामरने १९९९ साली संगणकातले दोष कसे कळवावेत यावर एक निबंध लिहिला. त्यात विचारणाऱ्यांना उपदेश भरपूर आहे आणि तो पटण्यासारखाही आहे. पण कारखान्यात, कचेरीत, बँकेत खिडकीपलीकडे बसणाऱ्यांसाठी तसाच एक निबंध कोणी मराठीत लिहावा असे आम्हांला फार वाटते. वृद्ध बाईला “सेटिंगमध्ये जा” म्हणून सांगणे हेही “चालत नाही” इतकेच मोघम आहे. “दात्यांच्या चाकाचे चित्र दिसते आहे काय? त्यावर बोट ठेवा,” असे म्हणायला अर्धे मिनिट जास्त लागते.

इतका वेळ आम्ही सर्व काही मोकळेपणाने सांगा म्हणत आहो, तेव्हा काय सांगू नये तेही सांगितले पाहिजे, कारण आज इथेच लोकांचे सर्वांत मोठे नुकसान होते. बँकेचे काम अडले, की घाबरा माणूस इंटरनेटवर मदतीचा क्रमांक शोधतो. तिथे लबाडांनी आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. पलीकडचा गोड बोलतो, अडचण शांतपणे ऐकून घेतो, मोबाइलचा पडदा त्याला दिसेल असे एक ॲप घालायला लावतो आणि आलेला ओटीपी विचारतो. क्रमांक घ्यायचा तो पासबुकावरून किंवा कार्डाच्या पाठीवरून. पिन, पासवर्ड आणि ओटीपी ही दोषाची लक्षणे नव्हेत. कोणताही खरा तंत्रज्ञ ती मागत नाही. फसगत झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पैसे पुढे सरकण्याआधी खाते गोठवता आले तर आले, म्हणून तिथे पहिल्या तासाचे महत्त्व फार. आणि तिथेही नियम तोच : किती वाजता, कोणत्या खात्यातून, किती रुपये, व्यवहाराचा क्रमांक कोणता. रडणे नंतर.

आता शेवटची गोष्ट राहिली. दोष दुरुस्त झाला, की आपण दूरध्वनी ठेवून देतो. ज्याने सुचवले त्याला कळतच नाही, की त्याच्या सांगण्याने काम झाले की शेजाऱ्याच्या. केवड्यावर हिराकस फवारली, तर किती दिवसांनी पाने हिरवी झाली, सगळी झाली की काही राहिली, हे त्याला कळवले पाहिजे. पुढच्या शेतकऱ्याला तो अधिक खात्रीने सांगेल. स्वतःसाठीही नोंद ठेवावी. पंपाच्या खोलीत एक शाळकरी वही असावी : तारीख, काय दिसले, काय केले, कशाने गुण आला. दोन वर्षांनी तोच घूं घूं आवाज आला, की कोणाला विचारावे लागणार नाही. वही स्टार्टरच्या पेटीशेजारी खिळ्याला टांगावी आणि तिला शिसपेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवावी. पेन ठेवू नये; ते पहिल्याच आठवड्यात कोणीतरी घेऊन जाते.